कोपऱ्यातलं अक्षर

त्या रात्री सगळे झोपायला गेल्यावर मी ते मोठं पाकीट उघडलं. एमआरआयची फिल्म ताठ असते, बाहेर काढताना पातळ पत्र्यासारखी थरथरते. तो आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी ती अगदी सावकाश ओढली आणि ट्यूबलाइटसमोर दोन्ही हातांनी वर धरली. चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच चौकोन आणि प्रत्येक चौकोनात दादाचं डोकं, एकेका पातळीवर आडवं कापलेलं. खालच्या कापांमध्ये डोळ्यांचे दोन गोल दिसत होते. वर वर जाताना ते नाहीसे झाले आणि नुसता मेंदू उरला, घड्याघड्यांचा. तिसऱ्या ओळीत मला ते सापडलं. करड्या रंगात एक पांढुरका डाग, कडा पुसट, भिंतीत ओल उतरावी तसा. चौकोनाच्या उजव्या अर्ध्यात. मी पुढचा चौकोन पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. उजवीकडेच. तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा मला श्वास पुरा घेता आला.

बोलणं डाव्या मेंदूत असतं, एवढं मला माहीत होतं. वहिनी जागीच होती. मी अंधारात तिच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "अगं, गाठ उजव्या बाजूला आहे. बोलण्याला धक्का नाही लागायचा." तिनं काही विचारलं नाही. नुसती मान हलवली, कुशीवर वळली, आणि दादाला फिट आल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली. मी बराच वेळ तिचा श्वास ऐकत बसले होते.

सकाळी सर्जननी तीच फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि म्हणाले, "डावा फ्रंटल लोब." म्हणजे मेंदूचा डावा, पुढचा भाग.

मला वाटलं, ते चुकून बोलले. "डॉक्टर, पण हे तर उजवीकडे आहे ना?" त्यांनी काही न बोलता चौकोनाच्या कडेला पेनचं टोक ठेवलं. तिथे एक बारीक इंग्रजी अक्षर होतं, 'एल'. समोरच्या कडेला 'आर'. रात्रभर ती दोन अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती फिल्मवरच्या इतर आकड्यांसारखी मशीनची खूण समजून सोडून दिली होती. "पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभं राहून त्याच्याकडे बघतोय, असं समजा," ते म्हणाले. "त्याचा डावा हात तुमच्या उजव्या हाताकडे येतो. चित्रही तसंच वाचायचं." वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटतं, तिनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. दादा चांगला आहे. अधूनमधून शब्द अडतो, तेव्हा तो हाताचा पंजा हवेत धरून थांबतो आणि आम्हीही थांबतो. पण ते कोपऱ्यातलं अक्षर माझ्या मनातून जात नाही. सगळ्या आजारपणात माझ्या हातून घडलेली ती एकच ठळक चूक, आणि तिनं उपचारात काडीचाही फरक पडला नाही. तरी ती रुतून बसली आहे. मी एक चित्र पाहिलं होतं आणि ते मला कळलं असं धरून चालले होते.

दादाची सुरुवात शब्दांपासूनच झाली होती. तो शाळेत गणित शिकवतो. दारात उभा राहून त्यानं वहिनीकडे किल्ली मागितली, पण 'किल्ली' हा शब्द त्याला मिळेना. "ते... दाराचं... ते फिरवायचं," असं म्हणत तो हसला, मग हसता हसता त्याचा उजवा गाल ओढला जायला लागला, बोलणं थांबलं आणि दोन-तीन मिनिटं तो डोळे उघडे ठेवून नुसता उभा होता. पुढे सगळं ओसरलं. आम्ही सगळे त्याला काय काय विचारत होतो आणि तो पहिली गोष्ट म्हणाला, "किल्ली." उजवा गाल ओढला गेला म्हणजे गडबड डाव्या मेंदूत, हे जाणणाऱ्याला तेवढ्यावरूनच कळलं असतं. शरीरानं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. मी मात्र ते फिल्ममध्ये शोधत होते.

नंतर वाचनात एक जुनी हकीकत आली आणि ती वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. लंडन, २५ नोव्हेंबर १८८४. पंचविशीतला एक शेतकरी. आधी चेहऱ्याच्या डाव्या बाजूला झटके, मग डाव्या हाताला, मग त्या हाताची ताकद जात चाललेली. एक्स-रेचा शोध लागायला अजून ११ वर्षं होती. अलेक्झांडर ह्यूज बेनेट नावाच्या डॉक्टरनी त्या झटक्यांचा क्रम आणि हाताचा अशक्तपणा यावरून ताडलं की गाठ उजव्या मेंदूत, हाताची हालचाल चालवणाऱ्या पट्ट्यात असणार. रिकमन गॉडली या सर्जननी त्या जागी कवटी उघडली. वर काहीच दिसलं नाही. त्यांनी थोडं आत जाऊन पाहिलं आणि गाठ तिथेच होती. माणूस शुद्धीवर आला, बोलला, त्याचं दुखणं कमी झालं, आणि साधारण महिन्याभरात जंतुसंसर्गानं गेला. चित्र नाही, फिल्म नाही, नुसतं माणसाकडे पाहून कवटीच्या आतली जागा ओळखलेली. डाव्या हातावरून उजवा मेंदू. त्यांच्याकडे पाहण्यासारखं फक्त ते माणूस होतं, म्हणूनही असेल, पण त्यांची डावी-उजवी चुकली नाही.

त्यानंतरची कित्येक वर्षं डॉक्टरांना गाठ दिसत नसेच, गाठीनं काय ढकललं ते दिसे. एक्स-रेत कवटी उमटते, आतला मऊ मेंदू उमटत नाही. सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये कवटीला भोक पाडून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरायची पद्धत काढली, पुढच्या वर्षी ती हवा पाठीच्या मणक्यातून वर सोडायला सुरुवात झाली. हवा एक्स-रेत काळी उमटते. पोकळी एका बाजूला दबलेली, सरकलेली दिसली की दाबणारं काहीतरी पलीकडे आहे असं समजायचं. १९२७ मध्ये एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचा नकाशा काढला. तिथेही तेच, वाहिनी कुठे वाकली, कुठे ताणली गेली ते पाहायचं. ज्यांच्या डोक्यात हवा भरली जाई त्यांना भयंकर डोकेदुखी व्हायची, ओकाऱ्या व्हायच्या, आणि हवा हव्या त्या कोपऱ्यात पोचावी म्हणून त्यांना त्याच अवस्थेत कुशीवर, पालथं, उलटसुलट करत. ते दिवसेंदिवस दुखत राही. दादाच्या एमआरआयच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून मी किती तक्रार करत होते ते मला हे वाचताना आठवलं. आवाज फार मोठा आहे, वेळ फार लागतोय, आत गार आहे.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमधल्याच अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईचं डोकं एका नव्या यंत्रात ठेवलं गेलं. त्या काळी डोक्याभोवती पाण्याची पेटी असे. गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांचं ते यंत्र, म्हणजे पहिलं सीटी स्कॅन, आणि त्यांच्यासोबत रेडिओलॉजिस्ट जेम्स अ‍ॅम्ब्रोज. बाईच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय होता. चित्र केवढं, तर ८० आडव्या आणि ८० उभ्या ठिपक्यांचं, सगळे मिळून ६,४०० ठिपके. आज फोनवरच्या एखाद्या छोट्या खुणेतही त्याहून जास्त असतात. त्या ठिपक्यांत एक गोल, काळसर डाग दिसला. शस्त्रक्रियेनंतर सर्जननी सांगितलं की गाठ अगदी चित्रात होती तशीच निघाली. ढकललेल्या खुणांवरून अंदाज करण्याचे दिवस तिथे संपले. १९७९ मध्ये हाऊन्सफिल्ड यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. मला मात्र ती बाई आठवत राहते. पाण्याच्या पेटीत डोकं घालून ती किती वेळ हलली नसेल, आणि बाहेर तिचं कुणी बसलेलं असेल का.

आमच्या वेळी बाहेर आम्ही दोघी होतो. आत जाण्याआधी दादाचं घड्याळ, पट्टा, चष्मा, अंगठी सगळं वहिनीच्या ओंजळीत आलं होतं. अंगठी बरीच वर्षं निघाली नव्हती, साबण लावून काढली, आणि तिच्या जागी बोटावर एक फिकट, खोलगट कडं राहिलं. टेक्निशियननी तीन वेळा विचारलं, शरीरात कुठे धातू आहे का, कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का. ते मशीन १.५ टेस्लाचं होतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट. जाड दारातूनही आवाज ऐकू येत होता. आधी ठकठक, मग कर्कश भोंग्यासारखा, मग थांबून पुन्हा वेगळ्याच लयीत. प्रत्येक लय म्हणजे एक वेगळं चित्र असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दादानं नंतर सांगितलं की तो आत सेकंद मोजत होता. कुठली लय किती वेळ चालली, मधली शांतता किती, सगळं त्याला पाठ होतं. "मोजत होतो म्हणून भीती वाटली नाही," तो म्हणाला. मी त्याला किती वर्षं ओळखते! तो घाबरला होता म्हणूनच मोजत होता.

मी फिल्मवर जे पाहिलं तो गाठीचा फोटो नव्हता. ते पाण्याचं चित्र होतं. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याची केंद्रकं त्या प्रचंड चुंबकात एका दिशेनं कलतात, रेडिओ लहरींच्या धक्क्यानं हलतात आणि पुन्हा जागेवर येताना एक क्षीण संदेश सोडतात. कोण किती लवकर जागेवर येतं यावरून चरबी, पाणी, सूज, गाठ वेगवेगळ्या छटांची दिसते. म्हणून एकाच डोक्याची इतकी वेगवेगळी चित्रं. एकात मेंदूभोवतीचं पाणी काळं, एकात पांढरंशुभ्र. फ्लेअर नावाच्या प्रकारात ते मोकळं पाणी मुद्दाम दाबून टाकतात, म्हणजे मेंदूच्या आत जिथे नको तिथे साठलेलं पाणी उठून दिसतं. मी रात्री जो डाग पाहिला तो फ्लेअरमधला. त्याच जागेचं, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावरचं चित्र सर्जननी शेजारी लावलं, तर तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. काठाशी मोहरीएवढा एक उजळ ठिपका, बस.

वहिनीचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "म्हणजे गाठ एवढीच आहे?"

असं विचारणारी ती पहिली नसणार. सर्जननी खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश सांगायला घेतलं. कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम नावाचं द्रव्य रक्तातून फिरतं. निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्या ते बाहेर झिरपू देत नाहीत, त्यांच्या भिंती तशा घट्ट असतात. जिथे ती भिंत मोडली आहे तिथेच ते बाहेर येतं आणि तेवढाच भाग चकाकतो. म्हणजे चकाकतं ते भिंतीचं मोडणं. गाठ त्याच्या पलीकडेही असते, भिंत शाबूत असलेल्या भागात, शांतपणे पसरलेली. फ्लेअरमधला पांढुरका डाग त्याहून मोठा असतो, पण त्यात गाठ आणि सूज एकत्र मिसळलेली असतात आणि ती चित्रात वेगळी काढणं कठीण. आणि त्या डागाच्याही पलीकडे काही पेशी गेलेल्या असू शकतात. एमआरआयच्या एका ठिपक्यात हजारो पेशी मावतात. एकट्यादुकट्या भरकटलेल्या पेशीला तिथे नाव-पत्ता नसतो. त्यांनी डँडी यांचीच एक गोष्ट सांगितली. १९२८ मध्ये डँडी यांनी अशा गाठींसाठी मेंदूचा अख्खा उजवा अर्धा भाग काढून पाहिल्याचं लिहिलं. तरीही आजार गेला नाही. काठ दिसतो तिथे आजार संपत नाही, हे गाठ दाखवणारी चित्रं नव्हती तेव्हाच कळून चुकलं होतं.

मी फिल्मकडे पाहत होते. आदल्या रात्री मला त्या पुसट कडेचं बरं वाटलं होतं. ठसठशीत, टोकदार काही नाही, म्हणजे सौम्य असणार. आता ती कड पुसट का आहे ते मला कळलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी चांगली म्हणून दाखवली. एका प्रकारच्या चित्रात तो सगळा डाग एकसारखा पांढरा होता. फ्लेअरमध्ये नीट पाहिलं तर त्याच डागाचा आतला भाग मंद पडलेला आणि भोवती पांढरी किनार. दोन चित्रांतली ही तफावत हळू वाढणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या गाठीकडे बोट दाखवते, म्हणाले. "पण नक्की काय ते तुकडा तपासल्यावरच. चित्र शक्यता सांगतं." रिपोर्टमध्येही सगळीकडे तेच होतं, सजेस्टिव्ह ऑफ, लाइकली, कोरिलेट क्लिनिकली. म्हणजे असं सूचित होतं, बहुधा असेल, पेशंटला तपासून ताडून पाहा. पहिल्यांदा वाचताना मला त्या शब्दांचा राग आला होता. एवढं मोठं मशीन, एवढा वेळ, आणि ठामपणे कुणी बोलायला तयार नाही! मग एमआरआयबाहेरच्या त्याच बाकावर एक तरुण मुलगा भेटला, आईची फिल्म घेऊन आलेला. तिच्या चित्रात कॉन्ट्रास्टनंतर एक लखलखीत कडं होतं, मध्ये काळोख. घरात सगळ्यांनी कॅन्सर म्हणून रडून घेतलं होतं. कड्यासारखं चकाकणारं बरंच काही असतं, सर्वांत वाईट गाठ, दुसऱ्या अवयवातून आलेली गाठ, क्षयाची गाठ, पू सुद्धा. तिच्या मेंदूत पाण्याची हालचाल मोजणारं वेगळं चित्र काढलं, त्यात तो मधला काळोख पांढरा पेटला. दाट पुवात पाण्याच्या कणांना हलता येत नाही, म्हणून तो असा उजळतो. तिला पू झाला होता आणि ती बरी होण्यासारखी होती. तो मुलगा हे सांगताना फिल्मचं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला होता. त्यानंतर मला रिपोर्टमधल्या 'लाइकली'चा राग आला नाही. रेडिओलॉजिस्टला आम्ही कधी भेटलो नाही, पण तो शब्द लिहिताना त्यानं दादाच्या डोक्यात पुन्हा एकदा पाहिलं असणार, असं मला वाटायला लागलं.

दादाची गाठ डाव्या बाजूला पुढे, बोलण्याच्या भागाला लागून होती. उजव्या हातानं लिहिणाऱ्या १०० माणसांपैकी ९५ च्या आसपास जणांची भाषा डाव्या बाजूला असते. पण दादाची नेमकी कुठे, गाठीनं तिला सरकवलं का, हे पाहायला दुसरा एमआरआय ठरला. यात नुसतं पडून राहायचं नव्हतं, आत काम करायचं होतं. सेजी ओगावा या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवून दिलं होतं की रक्तातला प्राणवायू कमी-जास्त झाला की एमआरआयचा संदेश बदलतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त धावतं, आणि तो फरक पकडता येतो. दादाला सांगितलं, बोटं हलवा. थांबा. आता मनातल्या मनात 'क'पासूनचे शब्द आठवा, ओठ हलवू नका. थांबा. पुन्हा आठवा. असं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या पाळ्यांनी.

बाहेर आल्यावर मी विचारलं, कुठले शब्द आले? तो थोडा लाजला. "काटकोन, कर्ण, केंद्र, कंस, कोन. मग कोटी. मग परत काटकोन." मी म्हणाले, "आणि किल्ली?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "नाही गं. ती नाही आली."

त्या शब्दांचे नारिंगी ठिपके मी स्क्रीनवर पाहिले. करड्या मेंदूवर कुणीतरी निखारे टाकावेत तसे, डागाच्या मागच्या काठाला अगदी चिकटून. त्यातल्या कुठल्या ठिपक्यात कर्ण होता आणि कुठल्यात कोटी, असा वेडा विचार माझ्या मनात आला. अर्थात तसं नसतं. ठिपका म्हणजे रक्ताची धाव, तीही बऱ्याच फेऱ्यांची सरासरी काढून, आकडेमोड करून रंगवलेली. सर्जननी आणखी दोन गोष्टी बजावल्या. जिथे ठिपका आहे तो भाग बोलताना हातभार लावतो, पण तो काढला तर बोलणं जाईलच असं नाही. आणि जिथे ठिपका नाही तिथे काहीच नाही असंही नाही, कारण गाठीजवळच्या रक्तवाहिन्या कधी कधी नीट साथ देत नाहीत. भाग काम करत असतो, रक्ताची धाव दिसत नाही. दुसऱ्या चित्रात मेंदूतल्या तारांचे, म्हणजे मज्जातंतूंचे, जुडगे होते. तारांच्या लांबीच्या दिशेनं पाणी सहज सरकतं, आडवं सरकत नाही, त्यावरून संगणक त्यांची वाट काढतो. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या लाल, पुढून मागे हिरव्या, वरून खाली निळ्या. हाताकडे उतरणारा निळा जुडगा गाठीपासून लांब होता. हिरवा, कमानीसारखा वळलेला, तिच्या खांद्यावरून जात होता. दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथे संगणक गोंधळतो, तेव्हा तिथली वाट तुटलेली दिसली तरी घाबरायचं नाही, आणि सलग दिसली तरी निर्धास्त व्हायचं नाही.

म्हणून त्यांनी ठरवलं, दादाला मधल्या टप्प्यात जागं ठेवायचं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. विजेच्या हलक्या स्पर्शानं एकेक जागा क्षणभर गप्प करायची आणि दादाला चित्रं दाखवून नावं विचारायची. जिथे शब्द अडेल ती जागा राखायची. एवढा सगळा नकाशा काढून शेवटी पुन्हा माणसालाच विचारायचं होतं.

"मग हे सगळं कशाला काढलं?" वहिनी पटकन म्हणाली. मला तिच्याकडे पाहायचं धैर्य नव्हतं, पण प्रश्न माझाही तोच होता. सर्जन चिडले नाहीत. कवटी कुठे उघडायची, किती उघडायची, कुठल्या बाजूनं आत शिरायचं, कुठे हात सावकाश चालवायचा, मुळात शस्त्रक्रिया करायची का, दादाला जागं ठेवायची गरज आहे का, हे सगळं या चित्रांवरच ठरलं होतं. "आणि एकदा आत शिरलो की चित्र शिळं व्हायला लागतं," ते म्हणाले. कवटी उघडली, भोवतालचं पाणी निघून गेलं, गाठ काढायला घेतली, की मेंदू आपल्या वजनानं खाली बसतो, सरकतो, कधी कधी सेंटिमीटरभरही. शस्त्रक्रियेत वाट दाखवणारं यंत्र आदल्या दिवशीच्या चित्रात जागा दाखवत राहतं आणि खरी जागा तिथून हललेली असते. काही ठिकाणी शस्त्रक्रियेच्या मध्येच पुन्हा एमआरआय काढण्याची सोय असते. इथे त्यांचे डोळे, आणि दादाचं बोलणं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शेवटचा स्कॅन होता. त्याआधी दादाच्या कपाळावर आणि कानांमागे मध्ये भोक असलेल्या बटणाएवढ्या चकत्या चिकटवल्या. त्या चित्रात उमटतात आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांना टोकदार कांडीनं स्पर्श करून यंत्राला सांगतात की चित्रातला हा बिंदू म्हणजे डोक्यावरचा हा बिंदू. प्रत्येक चकतीभोवती पेनानं गोल काढला होता, पडलीच तर जागा कळावी म्हणून. त्यानंतर त्यानं उशीवर डोकं टेकायला नकार दिला. "निर्देशांक हलतील," म्हणाला. खाटेचं डोक्याकडचं टोक वर करून तो बसून राहिला.

वहिनी खाली औषधं आणायला गेली होती. त्या दुपारपर्यंत मी तिला काही बोलले नव्हते. त्याच दुपारी जिन्यात गाठून मी म्हणाले होते, "त्या रात्री मी चुकीचं सांगितलं गं." ती दोन पायऱ्या खाली गेली, थांबली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मला त्या दिवशी झोप लागली. तेवढीच लागली सगळ्या दिवसांत." यात क्षमा होती की तक्रार, मला आजही कळलेलं नाही. कदाचित तिलाही माहीत नसेल.

दादानं फिल्म मागितली. त्यानं ती आधी पाहिलीच नव्हती, आम्ही दाखवली नव्हती. संध्याकाळचा उजेड अजून खिडकीतून येत होता. मी पाकिटातून ती काढली, या वेळी आवाज झाला तरी थांबवला नाही. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले आणि फिल्म आम्हा दोघांच्या मध्ये उभी धरली, माझ्या डोळ्यांसमोर, जशी वाचायची तशी. "तुझ्या पायाशी उभं राहून बघायचं असतं," मी सांगायला लागले. "म्हणजे तुझा डावा माझ्या उजवीकडे. मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. मी वहिनीला..."

फिल्मच्या वरच्या काठावरून मला त्याचं कपाळ दिसत होतं, त्यावरचे पेनाचे गोल. फिल्ममधून त्याचा चेहरा धूसर दिसत होता, चौकोनांच्या मागे. डाग माझ्या उजव्या हाताशी होता आणि त्याच्यामागे, बरोबर त्याच बाजूला, दादाचा डावा डोळा.

तो पलीकडून, फिल्मच्या पाठीकडून पाहत होता. त्यानं एक बोट वर आणून पाठीमागून त्या डागावर टेकवलं, मग तेच बोट स्वतःच्या डाव्या कानाच्या वर नेलं आणि चकतीला धक्का लागू न देता हवेतच थांबवलं.

"इंग्रजी अक्षरं उलटी दिसतायत इकडून," तो म्हणाला. "पण डावीकडचं डावीकडेच आहे. माझ्या बाजूनं बरोबर आहे गं. धर अशीच थोडा वेळ."

उजेड जाईपर्यंत मी ती धरून बसले.